माडीवरचा दादा आणि पेडव्याचा काटा

एका खाडीकाठच्या गावात एक कोळी होता आणि त्याच्या तोंडात एक जीभ राहायची. चहूबाजूंना शेजार दातांचा. त्यांची उघडझाप चालू असतानाच ही मधून सुळकन जायची, घास कधी डाव्या दाढांखाली सारायची, कधी उजव्या, आणि दात मिटायच्या आत अंग काढून घ्यायची.

वर माडीवर तिचा थोरला दादा राहायचा, मेंदू. तो कधी खाली उतरला नाही की त्याने कधी घास चाखला नाही. अंधारात बसून हळूच सांगायचा, "बाय, डावीकडं. हां, आता मागं हो."

एके दिवशी जीभ फुगून बसली.

"दादा, चव माझी, पळापळ माझी. तू आयता बसून हुकूम सोडतोस. यापुढं मला काही सांगू नको."

दादाला फार वाईट वाटलं. पण बहीण पडली लाडाची.

"बरं बाय," म्हणाला आणि गप्प झाला.

त्या दुपारी पेडव्याचं कालवण होतं. पेडवा म्हणजे चिमुकला मासा आणि काटेच काटे. पण कोळी माणूस ताटात काटे निवडत बसत नाही. घास सरळ तोंडात जातो, काटे जीभ वेचते, गालात जमवते आणि मग ओठांतून बाहेर ढकलते. या कामाचा आमच्या जिभेला भारी तोरा.

पहिल्याच घासाला ती काटा शोधत डावीकडे रेंगाळली आणि दात मिटले. कच्चकन चावली गेली बिचारी. त्या गडबडीत काटा तिच्याकडून निसटला आणि घशाकडे घसरायला लागला. जीभ जागच्या जागी थिजली. दादाला हाक मारायची, तर भांडण आपणच काढलेलं.

हाक मारावीच लागली नाही. "दाढांनो, थांबा," वरून आवाज आला. "घशा, दार लाव. बाय, घाबरू नको, काटा पुढं ओढ."

कोळ्याला जोराचा ठसका लागला आणि काटा ताटात येऊन पडला.

जीभ दातांवर रुसली. तेव्हा म्हातारी दाढ म्हणाली, "आमच्यावर कशाला रागावतेस गं? दादा सांगतो तेव्हा आम्ही मिटतो. तो तुलाही सांगायचा, म्हणून तर आजवर तू सुखरूप होतीस."

जीभ खाली मान घालून म्हणाली, "दादा, तू तर बोलणार नव्हतास."

"काटा घसरला आणि राहवलं नाही."

"पण वर अंधारात तुला तो दिसला कसा?"

"मला कुठलं दिसायला? घास केवढा, मऊ का कडक, काटा कुठं टोचतोय, हे सगळं तूच वर कळवतेस. ते ऐकून मी सांगतो. आज तू रुसलीस, पण कळवायची थांबली नाहीस."

"आणि मला चावलं ते?"

"ती कळसुद्धा माझ्यापर्यंत आली, बाय."

जिभेला भरून आलं. इतक्यात कोळ्याने पुढचा घास उचलला.

"दादा," ती म्हणाली, "कुठली बाजू?"

"उजवी. डावीकडं दुखतंय ना आपल्याला."

तात्पर्य एवढंच: मायेचं माणूस सारखं सांगत असतं, कारण ते आपलं सारखं ऐकत असतं. त्याला गप्प बसवायची घाई करू नये.