काळ्या रांजणातली वर्षं

एका राज्यात माणसांची वर्षं रांजणात भरून ठेवली होती. हसू नका, बाबांनो! डाळ-तांदूळ ठेवावेत तशीच ठेवली होती, आणि त्यापायी त्या राज्याचा सत्यानाश व्हायची वेळ आली होती.

झालं असं की राजा पद्मकेतूला म्हातारपणाची भारी धास्ती. भस्माक्ष नावाच्या मांत्रिकाने ती बरोबर हेरली. तो म्हणाला, "महाराज, तिशी उलटलेलं माणूस चाकरीत ठेवू नका, म्हणजे वार्धक्य आपल्या वाटेला फिरकणार नाही." राजाने मान डोलावली. मग मांत्रिकाने महाद्वारावर एक मैना मंत्रून बसवली. कोणी चाकरी मागायला आलं की ती एवढंच म्हणे, "वय सांगा." खोटं बोलणाऱ्याची जीभ टाळ्याला चिकटे. खरं सांगणारा तिशीपार असला, तर दार आपोआप मिटे.

दाराशेजारी भस्माक्ष काळा रांजण घेऊन बसे. "जादा वर्षं यात टाका आणि खुशाल आत जा. कोणती टाकायची ती तुमची तुम्ही निवडा," असं तो गोड बोलून सांगे. वर्षं टाकली की केस काळे होत, पाठ ताठ होई, आणि त्या वर्षांत जे घडलं ते पार पुसून जाई. लोक बिचारे दुःखाची वर्षं निवडत. राजानेही आपली वर्षं टाकली होती, पण ती कोणती, हे त्याला विचारायची छाती कोणाची?

त्या नगरात तुंगा नावाची बाई राहत होती. वय चौपन्न. तिची एकुलती लेक शेवंती सातव्या वर्षी तापाने गेली होती. तिचा नवरा सोमदत्त त्या दुःखातून कधी उठलाच नाही. एक दिवस तो महाद्वाराशी गेला, लग्नापासूनची सगळी वर्षं दुःखाची म्हणून रांजणात टाकली आणि भालदार झाला. दुःख गेलं, पण त्याच वर्षांत लेक होती, लग्न होतं, घर होतं. तुंगा भाकरी घेऊन दाराशी गेली, तेव्हा तो अदबीने म्हणाला, "बाई, आपण कोण?" काय वाटलं असेल तिला!

इकडे राज्यात दुसरंच संकट उभं राहिलं. बियाण्याचं कोठार उघडेना. त्या कोठाराला कुलूप नव्हतं. पेरणीआधी राजाने दारापुढे उभं राहून, कोणी न सांगता, स्वतःच्या आठवणीतून आईचं नाव घ्यायचं की दार उघडे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. आता राजा रोज दारापुढे उभा राही आणि मुकाट्याने परत फिरे. शेतं ओस पडली, घरोघर चुली थंडावल्या.

अशात कोठाराच्या राखणदाराची जागा निघाली. तुंगा निघाली. चाकरी मिळाली तर पोटाला अन्न मिळणार होतं, आणि नवरा रोज निदान नजरेला पडणार होता.

राखणदारीची पारख म्हणून भस्माक्षाने तिला तीन कामं सांगितली. पहिलं, नागविहिरीचं पाणी आणणं. तुंगेने नागाची परवानगी मागितली, नाग बाजूला झाला, तिने घागर भरली. दुसरं, पिसाळलेल्या हत्तीला पाणी पाजणं. त्याचा माहूत वयापायी हाकलला गेला होता. तुंगा त्याच्यासमोर बसून त्याच्याबरोबर रडली, मग तो पाणी प्यायला. तिसरं, जळत्या कड्यावरचा निखारा ओंजळीत आणणं. हात भाजले, पण निखारा आला. मग मांत्रिकाने तिला मैनेपुढे उभं केलं.

तेव्हा मैना म्हणाली, "वय सांगा."

"चौपन्न."

दार मिटलं.

"अरेरे, एवढ्यासाठी अडलं!" भस्माक्ष हसला. "दुःखाची तेवढी टाक, बाई. कोण ठेवतं असली वर्षं?"

तुंगेने रांजणावर हात धरला. आत अंधार होता. पोटात भूक होती. तिने हात मागे घेतला.

"माझी लेक आता त्याच वर्षांत राहते," ती म्हणाली. "तिच्या बापाने तिला विसरून टाकलं. मीही टाकलं, तर ती जन्मलीच नव्हती असं होईल. उपाशी मरेन, पण वर्षं देणार नाही."

कोठारापुढून रित्या हाताने परतणाऱ्या राजाने दाराआडून हे ऐकलं. त्याने दार उघडायला लावलं. तुंगेने हात जोडले. "महाराज, आपण कोणती वर्षं टाकलीत?"

"बालपण टाकलं," राजा म्हणाला. "राज्यकारभाराला ते काय कामाचं?"

"मग आईसाहेब त्या रांजणातच राहिल्या, महाराज."

राजाचा चेहरा उतरला. भस्माक्ष ओरडला, "रांजण फुटला तर म्हातारे व्हाल!" राजा एक पाऊल मागे सरला, हे खोटं कशाला सांगू? पण त्याने दाराशी पहाऱ्यावर उभ्या सोमदत्ताच्या हातातला भाला घेतला आणि रांजण फोडला.

वर्षं बाहेर आली आणि आपापलं माणूस शोधत गेली. राजाचे केस पांढरे झाले. "इरावती!" तो लहान मुलासारखा ओरडला, आणि तिकडे कोठाराचं दार उघडलं. भस्माक्ष लोकांच्याच वर्षांवर जगत होता. त्याचं स्वतःचं एकही नव्हतं, म्हणून त्याच्या जागी काहीच उरलं नाही. मैना मंत्रातून सुटली, पण उडून गेली नाही. "काम काय येतं?" तिने तुंगेला विचारलं. पुढे त्या दारात तेवढंच विचारायची रीत पडली.

तुंगेला राखणदारी मिळाली. पेरण्या झाल्या, चुली पेटल्या, म्हातारा माहूत हत्तीकडे परतला.

आणि सोमदत्त? तो पांढऱ्या डोक्याने पायरीवर बसून हुंदके देत होता. तुंगा जवळ जाऊन बसली.

"तुंगे," तो म्हणाला, "शेवंतीने शेवटी पाणी मागितलं होतं गं."

"हो," ती म्हणाली. "तुम्हीच पाजलंत तिला."