सावली खिडकीत येण्याआधी

एका कुंभाराच्या अंगणात दोन कुंभारणी राहायच्या. एक मोठी, एक इवलीशी.

मोठी म्हणजे भागूकाकू. ती ओली मडकी थापायची. थप थप थप.

इवलीशी म्हणजे कुंभारीण माशी. काळी पाठ, पिवळे पाय, दोऱ्यासारखी कंबर. तीही मातीचंच काम करायची. ओल्या मातीची गोळी आणायची, खिडकीच्या चौकटीवर लिंपायची. लिंपता लिंपता गायची. गूं गूं गूं.

तिचं घर होत आलं होतं. केवढं घर? तुझ्या करंगळीच्या टोकाएवढं. त्या घरात तिला अंडं ठेवायचं होतं. आजच ठेवायचं होतं. अंगणातल्या लिंबाच्या झाडाची सावली खिडकीत येण्याआधी. सावली खिडकीत आली की अंधार होतो. अंधारात इवल्या कुंभारणीला काही दिसत नाही.

दुपार झाली. भागूकाकूने केरबाला पाळण्यात ठेवलं. केरबा म्हणजे त्या घरातलं बाळ. केरबाच्या तोंडावर ऊन आलं. काकूने खिडकी लोटली.

धाड्.

टप्.

कुंभारणीचं घर पडलं. त्याचा भुगा झाला. गाणं थांबलं.

कुंभारीण खिडकीच्या गजावर बसली. खाली भुग्याकडे बघत बसली. पुष्कळ वेळ बसली. कुणी तिला उठ म्हटलं नाही.

लिंबाची सावली मात्र उठली. झाडाखालून निघाली. गुपचूप अंगणाच्या पायरीवर आली.

कुंभारणीने मान तिरकी केली. सावली कुठे निघाली? ती तर खिडकीकडे निघाली. मग कुंभारीणही उडाली. भिर्र भिर्र, भिर्र भिर्र. गेली मातीकडे.

"माती, माती, ओली गोळी दे. माझं घर होईना."

माती म्हणाली, "मी कोरडी ठक्क. रांजण सांडेल, मग मी भिजेन. मग गोळी देईन."

"रांजण का बरं सांडेना?"

"त्यालाच विचार."

भिर्र भिर्र, भिर्र भिर्र. गेली रांजणाकडे. रांजण जाडजूड. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला.

"रांजणदादा, रांजणदादा, पाणी सांड. माती भिजेना, माझं घर होईना."

रांजण आतून बोलला. मोठ्ठ्या आवाजात बोलला. "मी रिकामा घुम्म. घागर येईल, मग मी भरेन. मग पाणी सांडेन."

"घागर का बरं येईना?"

"तिलाच विचार."

सावली पायरीवरून उतरली. मडक्यांच्या रांगेत आली. गुपचूप.

भिर्र भिर्र, भिर्र भिर्र. गेली घागरीकडे. घागर भिंतीशी उपडी.

"घागरताई, घागरताई, विहिरीवर जा. रांजण भरेना, माती भिजेना, माझं घर होईना."

घागर म्हणाली, "कशी जाऊ? मला पाय आहेत का? भागूकाकू निघेल, मग मी जाईन."

कुंभारणीने वाकून बघितलं. घागरीला खरंच पाय नव्हते.

"काकू का बरं निघेना?"

"तिलाच विचार."

भिर्र भिर्र, भिर्र भिर्र. गेली भागूकाकूकडे. काकू उंबऱ्यावर बसली होती. गालावर हात ठेवून बसली होती. समोर टक लावून बघत होती.

"भागूकाकू, भागूकाकू, पाण्याला निघ. घागर हलेना, रांजण भरेना, माती भिजेना, माझं घर होईना."

"निघते की गं बये," काकू म्हणाली. "पण माझी चुंबळ? तिच्याशिवाय डोक्यावर घागर बसायची नाही."

चुंबळ म्हणजे कापडाची गोल गुंडाळी. आधी डोक्यावर चुंबळ, मग चुंबळीवर घागर. काकूची चुंबळ होती मऊ मऊ. जुन्या लुगड्याची. आणि त्या मऊ मऊ चुंबळीवर कोण बसलं होतं? ढमी मांजर.

काकू म्हणाली, "ढमी उठेल, मग चुंबळ मिळेल. मग मी निघेन. उठवायला गेलं तर फिस्स करते मेली. अंगणात मडकी घडवते मी, पण घरात राज्य हिचं."

"ढमी का बरं उठेना?"

"तिलाच विचार. आणि जरा लांबूनच विचार."

सावली मडक्यांवरून पुढे गेली. रांजणाच्या काठावर आली. गुपचूप.

भिर्र भिर्र, भिर्र भिर्र. कुंभारीण लांबूनच बोलली.

"ढमीबाई, ढमीबाई, उठून बस. काकू निघेना, घागर हलेना, रांजण भरेना, माती भिजेना, माझं घर होईना."

ढमीने एक डोळा उघडला. दुसरा तसाच ठेवला.

"केरबा उठेल, मग दूध तापेल. मग मी उठेन."

"आणि आत्ताच उठलीस तर?"

"आत्ता दूध कुठे आहे?" ढमी म्हणाली. उघडलेला डोळाही मिटला.

"केरबा का बरं उठेना?"

"पाळण्याला विचार."

भिर्र, भिर्र. अगदी हळू. कुंभारीण खिडकीच्या फटीतून आत गेली. पाळणा हलत होता. कुई कुई. कुई कुई.

"पाळणेबुवा, पाळणेबुवा, केरबाला उठव. ढमी उठेना, काकू निघेना, घागर हलेना, रांजण भरेना, माती भिजेना, माझं घर होईना."

"हळू बोल," पाळणा कुजबुजला. "मी फक्त झोपवतो. मला उठवता येत नाही. केरबाला उठवतं गाणं. रोज दुपारी खिडकीतून येतं. गाणं आलं की केरबा उठतो. आज गाणंच आलं नाही."

"गाणं का बरं येईना?"

"मला काय ठाऊक?" पाळणा म्हणाला. "मी खिडकीकडे पाठ करून टांगलेला. तूच जाऊन बघ."

आता मात्र कुंभारणीला मोठं नवल वाटलं. रोज दुपारी खिडकीत कोण गातं? ती तर रोज दुपारी तिथेच असते. तिला कसं कधी दिसलं नाही?

ती खिडकीत गेली. गजाच्या मागे बघितलं. कुणी नाही. कडीच्या खाली बघितलं. एक कोळी होता. पण कोळी काही गात नव्हता. खिडकीच्या वर बघितलं. कुणी नाही.

मग ती गजावर बसली. गाणारा येईल, मग गाणं येईल. वाट बघूया.

सावली रांजणावरून निघाली. भिंतीपाशी आली. भिंतीवर चढायला लागली. गुपचूप.

कुंभारणीने सावलीकडे बघितलं. मग चौकटीकडे बघितलं. घर पडलं होतं. पण घराची एक कड तिथेच होती. चिमटीभर. चौकटीला घट्ट चिकटलेली. कड वाकडी झाली होती. तिच्यावर धूळ होती.

"ओली गोळी नाही," कुंभारीण म्हणाली. "पण कड आहे. कड साफ करायला पाणी लागत नाही. एवढं तर मला आत्ता करता येईल."

ती गजावरून उठली. कडेपाशी गेली. पायाने धूळ झाडली. तोंडाने वाकडं टोक कुरतडलं. खर खर खर. थोडी इकडून, थोडी तिकडून. कड सरळ व्हायला लागली. कुंभारणीला जरा बरं वाटलं. तिचे पंख हलायला लागले.

गूं.

गूं गूं.

गूं गूं गूं.

पाळणा म्हणाला, "आलं की गाणं. हेच ते."

कुंभारीण थबकली. तिने मान तिरकी केली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खिडकीत दुसरं कुणीच नव्हतं.

"अगं बाई," ती म्हणाली. "म्हणजे मीच?"

आणि तिने आणखी जोरात कड घासली. गूं गूं गूं गूं.

मग काय झालं?

गाणं आलं, केरबा उठला. ट्यां ट्यां.

केरबा उठला, दूध तापलं. सळसळ.

दूध तापलं, ढमी उठली. म्यांव.

ढमी उठली, चुंबळ मिळाली. चुंबळ मिळाली, काकू निघाली. लगबग लगबग.

काकू निघाली, घागर भरली. बुडुक बुडुक.

घागर भरली, रांजण भरला. इतका भरला, इतका भरला, की काठावरून सांडला. झळझळ झळझळ.

रांजण सांडला, माती भिजली.

"ये गं," माती म्हणाली. "केव्हाची वाट बघते आहे तुझी. घे गोळी."

सावली भिंतीच्या अर्ध्यात आली होती. कुंभारीण बोलत बसली नाही. भिर्र भिर्र, गोळी आणली. गूं गूं गूं, गोळी लिंपली. भिर्र भिर्र, गोळी आणली. गूं गूं गूं, गोळी लिंपली. सावली वर चढते आहे. इवल्या घराची भिंत वर चढते आहे. सावली वर. भिंत वर. घर गोल झालं. घराला तोंड झालं. कुंभारणीने आत अंडं ठेवलं. पांढरं, तांदळाच्या कणीएवढं.

आता हवं होतं फक्त झाकण. एकच गोळी. पण सावली आली खिडकीच्या खाली. आता माती लांब. जाऊन यायला वेळ कुठे?

तेवढ्यात भागूकाकू आली. कडेवर केरबा, हाताला ओली माती. केरबाने बोट दाखवलं. तो म्हणाला, "गूं."

काकूने वाकून बघितलं. चौकटीवर नवं घर. खाली जुन्या घराचा भुगा. काकूने खिडकीच्या फळीवर हात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "आमच्याकडे कुंभारणीचं घर कुणी पाडत नाही गं. मी न बघताच खिडकी लोटली."

तिने बोटाची ओली माती पुसली. इवलीशी गोळी केली. खिडकीत ठेवली, अगदी घराजवळ.

गूं गूं गूं. झाकण बसलं.

सावली खिडकीत आली. घर झालं होतं. सावलीने घरावर हात फिरवला आणि पुढे गेली.

काकूने अंगणातून एक खापरी आणली. फुटक्या मडक्याचा तुकडा. खिडकीच्या फटीत खोचली. आता वारा येवो, ऊन येवो, खिडकी आपटायची नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. केरबा पाळण्यात झोपला. ढमी चुंबळीवर झोपली. सावली झाडाखाली होती. आणि इवली कुंभारीण? ती कधीच उठली होती. गजावर बसून राहिली नव्हती. कालच्या घराशेजारी आणखी एक घर बांधत होती.

गूं गूं गूं.

ऐक बरं. केरबा उठला का?

घर झालं लिंपून, गोष्ट झाली सांगून.