पल्याडच्या काठावरचं मत

तुमचे आजोबा अंड्यातून बाहेर यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्याकाठी कोंबड्या आणि बदकं नांदत होती. ज्याला चोच त्याला मत, हा त्यांचा मूळ कायदा. निवडून येईल त्यानं दाणे वाटायचे. दरवेळी बदकराव निवडून यायचे आणि कोंबड्यांच्या वाट्याला फोलपटं यायची.

यंदा मात्र कोंबड्यांची पिल्लं मोठी झाली, त्यांची मतं वाढली. बदकरावांनी लगेच नवा नियम काढला: मत द्यायचं ते तळ्याच्या पल्याडच्या काठावर, आणि जायचं ते पोहतच.

ठिपकी कोंबडी तणतणत न्यायाधीशाकडे गेली. न्यायाधीश म्हणजे रेडेसाहेब. गळ्याइतक्या पाण्यात बसून रवंथ करत होते. खोटं कशाला सांगू, दिसायला भारी विद्वान!

"साहेब, मूळ कायद्यात पोहणं कुठंय? आमचं मत काढून घ्यायचा डाव आहे हा!"

"अगं, नियम सगळ्यांना सारखाच आहे. बदकंही पोहूनच जाणार ना? आणि पाण्यात अवघड ते काय? मी इथंच तर असतो," असं म्हणून रेडेसाहेबांनी डोळे मिटले.

मतदानाच्या दिवशी बाकीच्या कोंबड्या काठावरच थबकल्या. ठिपकी म्हणाली, "मी माझं मत सोडणार नाही," आणि तिनं उडी घेतली. मध्यावर ती बुडून मेली. संध्याकाळी वाऱ्यानं तिला पल्याड लोटलं.

"पोचली की नाही? उगाच रडत होती," रेडेसाहेब म्हणाले.

मोजणीवाल्या बदकानं विचारलं, "हिचं मत कुणाला?"

बदकरावांनी वाकून तिच्याकडे पाहिलं. "काही बोलत नाहीये. म्हणजे आपल्यालाच."