कातरीनने न खुडलेला मोगरा

एका गावात कातरीन नावाची एक बाई होती, आणि तिच्यासारखा मोगरा पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. हे मी नाही सांगत हो, ती स्वतःच सांगायची!

तसं ते सगळं गावच मोगऱ्याचं. पण कातरीन उजाडायच्या आत वाडीत शिरायची आणि एकूण एक टपोरी कळी खुडून टोपलीत टाकायची. कळी मिटलेली असेल तरच बाजारात तिला किंमत. झाडावर उमललेलं फूल म्हणजे आळशी बाईची खूण, असं गावात सगळेच मानत. "माझ्या वाडीत एक उमललेलं फूल दाखवा, कातरीन नाव लावणार नाही," असं ती ठणकावून सांगायची.

गाव ख्रिस्ती. चर्चला ते देऊळच म्हणत. दर मे महिन्यात त्या देवळात मारियामातेचा फुलांचा सण व्हायचा आणि शेजारच्या गावांतून पाहुणे यायचे. आता गंमत ऐका. गावचा मोगरा सगळा बाजारात जायचा, आणि सणासाठी त्याच बाजारातून लांब दांड्यांची, चकचकीत रंगांची फुलं विकत यायची! दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो हाच.

एका वर्षी एक पाहुणी आजी वेदीपाशी थांबली. तिने वाकून फुलांचा वास घेतला, पुन्हा घेतला आणि म्हणाली, "दिसतात छान हो. पण कागदाची आहेत का?"

लोक हसले. कातरीन नाही हसली. मोगऱ्याच्या गावाला कुणी असं विचारावं, हे तिला फार लागलं.

पुढच्या वर्षी वेदी सजवायचा मान तिच्या घराकडे आला. ती तडक फादरांकडे गेली. "फादर, यंदा बाजारातलं एक फूल आणायचं नाही. वेदीवर माझा मोगरा."

"कळ्या ठेवणार? लांबून तांदूळ सांडल्यासारखं दिसेल, बाय."

"कळ्या नाही फादर, फुलं!"

म्हणजे काय, तर सणाच्या आदल्या दिवशी कळी खुडायचीच नाही. ती संध्याकाळी झाडावरच उमलू द्यायची. हे ऐकून तिचा नवरा इनास चाटच पडला.

"खुळी झालीस का? व्यापारी उद्यापासून दुसऱ्याच्या दारात जाईल. आणि लोक काय म्हणतील? जन्मभर कमावलेलं नाव एका दिवसात घालवशील."

कातरीनला हे कळत होतं. त्या नावावरच तर ती ताठ मानेने चालत होती. तरी ती म्हणाली, "माझं नाव गेलं तर परत कमवीन. गावाचं जातंय, त्याचं काय?"

आदल्या दिवशी सकाळी बाजाराची गाडी तिच्या दारातून रिकामीच पुढे गेली. कुंपणापलीकडून बायकांनी हाक दिली, "काय गो कातरीन, हात मोडले काय?"

"हात शाबूत आहेत. संध्याकाळी या, मग बोला!"

त्या खरंच आल्या, चिडवायला म्हणून. आणि कुंपणाशी येऊन पाहतच राहिल्या. वाफ्यामागून वाफा पांढरा होत होता. वासाने जीव वेडावला. सगळा जन्म मोगऱ्यात गेला, पण फुललेली वाडी त्यांच्यातल्या कुणी पाहिलीच नव्हती! कातरीनने तरी कुठे पाहिली होती? तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

"पहाटे खुडायला आम्ही पण येतो गो," त्यांच्यातली एक हळूच म्हणाली.

सणाच्या सकाळी पाहुणे पायऱ्यांवरच थबकले. वास तिथपर्यंत आला होता. आत वेदी, खांब, मारियामातेचे पाय, सगळं मोगऱ्याने भरून गेलेलं.

पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "फादर, एवढा देखणा मोगरा मागवलात तरी कुठून?"

फादरांनी तोंड उघडायच्या आत अख्खं देऊळ बोललं, "आमचाच आहे! आमच्या कातरीनच्या वाडीतला!"

व्यापारी दोन दिवस रुसला आणि मग मुकाट्याने आला. असा मोगरा सोडून जातो कुठे! त्या वर्षापासून सणाच्या आदल्या दिवशी बाजाराची गाडी गावात येतच नाही. कुणी कारण विचारलं, तर पोरंसोरंसुद्धा छाती काढून सांगतात, "आज आमची फुलं आमच्यासाठी."

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: आपलं उत्तम ते सगळंच बाजाराला धाडू नये, थोडं आपल्या दारीही उमलू द्यावं.