कड्याची चढण

गडावरची तरुण वैद्यीण वेणू युवराज हंबीररावांना आजारी म्हणाली, आणि राजमातेने तिला कडेलोटाची शिक्षा फर्मावली.

"भरल्या अंगाने चारचौघांत उठून दिसतो माझा नातू. तो आजारी? आधी स्वतःची हाडं मोज."

"आईसाहेब, मी अंग नाही, नाडी पाहिली. तुपाचे लाडू आवरा, नाहीतर त्यांचं काळीज थकेल."

शिपायांनी वेणूचे हात बांधले. वरच्या कड्यावर नेलेलं कुणी परत आलेलं तिने पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मग युवराजांनीच मला वर चालवत न्यावं आणि स्वतःच्या हाताने ढकलावं. निरोगी माणसाला एवढी चढण जड नाही."

राजमाता हसली आणि शेजारी बसलेल्या हंबीररावांना म्हणाली, "ने रे हिला."

अर्ध्या वाटेवर कड्याचा वारा कानांत घोंगावू लागला. तेवढ्यात वेणूच्या शेजारी हंबीरराव छाती धरून मटकन खाली बसले. त्यांचे ओठ निळे पडले होते.

मागच्या पालखीतून राजमाता ओरडली, "अगं, बघ ना त्याला."

वेणू जागची हलली नाही. "युवराज निरोगी असतील तर वर चला, आईसाहेब. आजारी असतील तर आधी माझे हात सोडा."

राजमाता पालखीतून उतरली आणि स्वतःच दोराची गाठ सोडू लागली.