घळीतल्या राशी

त्या मुलखात एक डोंगर होता, भोवती वाळू होती आणि डोंगराच्या पायथ्याशी पाण्याचे एक डबके होते. दर वर्षी वाळू थोडी पुढे सरकत असे आणि डबके थोडे मागे. डबक्याच्या काठी शेळ्यांचा एक कळप राहत असे. पूर्वी सगळा कळप एकाच वेळी काठाने उभा राहून पाणी पीत असे. आता तीन पाळ्या लागत, आणि तिसऱ्या पाळीला नुसता चिखल उरे. तिसरी पाळी म्हाताऱ्यांची होती.

पाणी माथ्यावर आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. वर जाणारी वाट एकच, डोंगराला चिरत गेलेली अरुंद घळ. म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडी एखादा धडधाकट बोकड घळीतून वर निघे आणि कळप त्याला निरोप द्यायला जमे. माथ्यावर कोणी पोचल्याचे ऐकिवात नव्हते. पण जिथून तो माघारी फिरे, किंवा जिथे पडे, तिथे त्याच्या नावाने दगडांची रास रचली जाई. मग दर वर्षी प्रत्येक नातलग पायथ्यापासून एक दगड तोंडात धरून नेई आणि त्या राशीवर ठेवी. रास मोठी, तर घराणे मोठे. पहिले काही बोकड तहानेने परतले, काही भीतीने. नंतरचे परतले ते पुढे राशी आडव्या आल्या म्हणून. मग त्यांच्याही राशी तिथेच रचल्या गेल्या.

सगळ्यांत खालची आणि सगळ्यांत नवी रास खैऱ्याची होती. खैरा तिथेच पडला होता. त्याच्यानंतर माथ्याकडे कोणी निघाले नव्हते, कारण घळ राशींनी बुजली होती. त्याची शेळी ढवळी म्हातारी झाली होती, चिखल चोखून जगत होती, पण राशीचा दगड तिने एकाही वर्षी चुकवला नव्हता.

खैऱ्याची मुलगी चांदरी लहानपणीच उंटांच्या तांड्याबरोबर वाळूपलीकडे गेली होती. तिकडे हिरवे डोंगर होते आणि डोंगर चढण्याची शाळा होती. खडकाला कान लावून आतले पाणी ऐकायला ती तिथे शिकली. पहिल्या धड्याला तिला आपले डबके आठवले, आणि शेवटचा धडा संपताच ती परत निघाली.

कळपाने तिचे स्वागत केले. बांडी आत्याने तिला दोनदा हुंगले आणि विचारले, "तिकडं गवत किती उंच गं?"

"पोटाला लागेल एवढं, आत्या."

"आणि ते सोडून तू इकडं आलीस?" बांडी आत्या बाकीच्यांकडे वळली. "हिला तिकडून हाकललेली दिसतेय."

चांदरी हसली. दुसऱ्या दिवशी ती घळीत गेली आणि वडिलांच्या राशीला कान लावून बराच वेळ उभी राहिली. खाली येऊन तिने कळपाचा म्होरक्या, थोरला कुरळ्या, याला सांगितले की घळीत पाणी वाजते आहे.

"दगड वाजतात होय तिकडं?" कुरळ्या म्हणाला. "इकडं ते गप असतात, पोरी. मेलेल्यांचे आहेत."

आपल्या डोळ्यांनी बघून आल्याशिवाय कोणी ऐकणार नाही, हे चांदरीला कळले. घळ बंद होती, म्हणून ती डोंगराच्या उघड्या अंगाने निघाली. तिथून आजवर कोणी चढले नव्हते. कडा सरळ होता आणि उन्हाने भाजलेला. दुपारी खडक तापून फुगे आणि त्याचे पापुद्रे आपोआप सुटून खाली जात. म्हणून ती पहाटे चढे आणि ऊन चढले की एखाद्या कपारीत अंग चोरून उभी राही. पुढचा खूर टेकवायचा, हलवून बघायचा, मगच त्यावर भार द्यायचा. जिभेखाली तिने एक गुळगुळीत खडा धरला होता, त्याने तोंडाला थोडी लाळ सुटे. दुसऱ्या दिवशी एक कंगोरा पायाखालून निखळला आणि ती पुढच्या गुडघ्यांवर लोंबकळत राहिली. खाली डबके दिसत होते, वाळलेल्या बोराएवढे. काठावर तिसरी पाळी चालली होती. त्यातला पांढरा ठिपका कोणता, हे तिने ओळखले आणि मागचे पाय पुन्हा वर ओढून घेतले.

तिसऱ्या दिवशी ती माथ्यावर पोचली.

तिथे एक खोलगट जागा होती आणि ती पाण्याने भरलेली होती. पाण्यावर चतुर उडत होते. एक धार घळीच्या तोंडाशी जाऊन राशींच्या मागे अडली होती. तुंबलेले पाणी पलीकडच्या कड्यावरून, जिथे कोणीच राहत नव्हते तिकडे, वाळूत पडत होते आणि पडताच दिसेनासे होत होते. चांदरीने हनुवटीपर्यंत तोंड बुडवले. निघताना तिने दाढी ओली ठेवली आणि दातांत शेवाळाचा एक झुपका धरला.

उतरायला दोन दिवस लागले. खाली आली तेव्हा दाढी कोरडी होती आणि शेवाळाचा भुगा झाला होता.

"कुठून माघारी फिरलीस ते सांग," कुरळ्या म्हणाला. "रास कुठं रचायची ते ठरवू."

"माघारी नाही फिरले, काका. मी माथ्यावर होते. पाणी आहे. आपल्याच दगडांनी अडलंय."

कुरळ्याने भुगा हुंगला. "हा तिकडचा दिसतो. येताना आणला असशील."

"अगं, पाण्यापर्यंत पोचली असतीस," बांडी आत्या म्हणाली, "तर खाली आली असतीस होय?"

कळपात हशा पिकला. हिरव्या मुलखातून कोणी परत येत नसते आणि पाण्याच्या माथ्यावरून कोणी खाली येत नसते, एवढे व्यवहारज्ञान प्रत्येकाला होते. चांदरीने आईकडे पाहिले. ढवळी खुरांकडे बघत होती. तिच्या ओठांवर चिखल वाळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदरी एकटीच घळीत गेली आणि वडिलांच्या राशीतला पहिला दगड तिने शिंगाने काढून बाजूला टाकला. दुपारपर्यंत रास अर्धी झाली. आतल्या दगडांना ओल होती. आवाज ऐकून सारा कळप वर आला तेव्हा एका फटीतून पाझर सुटला होता आणि दगडावरून एक बारीक, चमकती रेघ खाली येत होती.

"आई, जीभ लाव," चांदरी म्हणाली.

ढवळी पुढे झाली. पण तेवढ्यात कुरळ्याचा घोगरा आवाज आला. "बघा रे," तो म्हणाला, "खैरा रडतोय. पोटच्या पोरीनं रास मोडली म्हणून रडतोय."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. ढवळीचीही.

"ते पाणी आहे, काका. एकदा चाखून तरी बघा."

"बापाचे आसू चाखायला सांगतेस?" बांडी आत्या म्हणाली. या वेळी कोणी हसले नाही.

चांदरीने डोके फटीत घातले आणि पाचरीसारखा बसलेला एक मोठा दगड ती हिसकू लागली. वरच्या राशी वाचवायच्या म्हणून कळप त्यांच्यावर चढून उभा राहिला, प्रत्येकजण आपापल्या घराण्याच्या राशीवर. इतका भार त्या दगडांवर आजवर कधी पडला नव्हता. आधी थोडी माती गळली, मग सगळेच दगड सरकले.

धूळ बसली तेव्हा चांदरीचे फक्त मागचे खूर दिसत होते.

कळप तीन दिवस रडला, आणि ते रडणे खरे होते. कुरळ्या म्हणाला की पोर हट्टी होती, पण तिच्याएवढी धीट या कळपात झाली नाही, आणि तिची रास सगळ्यांत मोठी होईल. तशी ती झाली. प्रत्येकाने दगड आणला. शेवटचा मान आईचा होता. पाझराची फट अजून तेवढी उघडी होती आणि ढवळीच्या तोंडात त्या फटीच्याच मापाचा दगड होता. ती वाकली तेव्हा फटीतले पाणी तिच्या ओठांना लागले. ती थांबली. ओठांवरून तिने एकदा जीभ फिरवली. तिच्यामागे सारा कळप माना खाली घालून उभा होता. तिने दगड बसवला.

आता डबक्याला दोनच पाळ्या आहेत, कारण तिसऱ्या पाळीचे कोणी उरलेले नाही. चांदरीच्या राशीला मात्र दर वर्षी सगळे जातात. दगड ठेवण्यापूर्वी राशीला कान लावायचा, अशी नवी रीत पडली आहे. आत काहीतरी सतत खळखळत असते. चांदरी अजून बोलते आहे, असे म्होरके करडांना सांगतात. आणि तिचा आवाज जिथे सगळ्यांत स्पष्ट येतो तिथे, मानाचा दगड म्हणून, सगळ्यांत मोठा दगड शिंगांनी ठोकून घट्ट बसवतात.