तांदळावर लिहिलेलं नाव

एकदा एक वृद्ध गुरुजी होते आणि ते शिकवून शिकवून थकले होते. देह थकला होता हे तर खरंच, पण त्याहून अधिक थकवा त्यांना एकाच प्रश्नाचा आला होता. आयुष्यभर त्यांनी इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर नदीकाठच्या एका बाजारपेठेच्या गावी ते मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग घेत. तिथे येणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारी, "गुरुजी, हे दोन शब्द दिसायला सारखेच. मग यांत फरक तो काय?" इंग्रजीत वाळवंट आणि जेवणानंतरचं गोड यांच्यामध्ये एका अक्षराचं अंतर आहे, हरवणं आणि सैल असणं यांच्यातही तेवढंच. असे शब्द कुणी आणि का करून ठेवले, हे तो परमेश्वरच जाणे. गुरुजी फरक सांगत, विद्यार्थी माना डोलावत आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक नव्या उत्साहानं करीत. "मला न्यायला यमदूत येतील ना," गुरुजी म्हणत, "तेही आधी एखादी जोडी विचारून घेतील आणि मगच फास टाकतील."

या वैतागातून त्यांनी एक शिस्त घालून दिली होती. अर्थ ते सांगत. पण ज्यानं प्रश्न विचारला त्यानं ते दोन्ही शब्द घालून फळ्यावर एक वाक्य लिहायचं, आणि ते वाक्य त्याच्या स्वतःच्या घरातलं, खरंखुरं असायचं. पुस्तकातला राम आणि पुस्तकातला आंबा त्यांना चालत नसे. माणसं आधी लाजत, मग खडू हातात घेऊन बराच वेळ उभी राहत आणि शेवटी काहीतरी लिहीत. वाक्य जमलं की गुरुजी त्याखाली एक रेघ ओढत आणि पुढे जात. त्या वाक्यामागच्या घरात डोकावण्याची त्यांना सवय नव्हती आणि हौसही नव्हती.

त्या वर्गात भांड्यांचा एक व्यापारी येत असे. वय पन्नाशीकडे झुकलेलं, स्वभाव सालस. दिवसभर स्टीलच्या डब्यांचा खणखणाट ऐकून आलेला हा माणूस वर्गात अगदी गप्प बसायचा. एके संध्याकाळी तो उभा राहिला.

"गुरुजी, अ‍ॅडॉप्ट आणि अ‍ॅडॅप्ट. मुलीच्या शाळेत मॅडमनी दोन्ही शब्द एका दमात वापरले. मी आपला येस मॅडम म्हणून आलो."

"पहिल्याचा अर्थ आपलंसं करणं, दत्तक घेणं," गुरुजी म्हणाले. "दुसऱ्याचा अर्थ स्वतःत बदल करून जुळवून घेणं. चला, करा वाक्य."

व्यापाऱ्यानं खडू घेतला. त्यानं लिहिलेल्या इंग्रजी वाक्याचा अर्थ असा होता: आम्ही एक मुलगी दत्तक घेतली, पण ती जुळवून घेत नाही.

ती मुलगी सगळ्या गावाला ठाऊक होती. तिच्या नावाचे पेढे वर्गातल्या निम्म्या लोकांनी खाल्ले होते. गुरुजींनी वाक्य वाचलं, खडू घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"वाक्य बिनचूक आहे," ते म्हणाले. पण रेघ त्यांनी ओढली नाही.

वर्ग सुटल्यावर व्यापारी मागे थांबला. गुरुजींनी काही विचारण्याआधी तोच बोलू लागला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते.

"परवा दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाई येणार आहेत. आधी काही काळ मूल घरी ठेवायचं आणि मग पक्कं करायचं, अशी पद्धत आहे त्यांची. आम्ही दोघंही थकलोय गुरुजी. नाही म्हणून सांगावं असं चाललंय मनात."

"त्रास देते का फार?"

"त्रास काहीच देत नाही, हाच तर त्रास आहे! वाढलं ते मुकाट्यानं खाते. बस म्हटलं की बसते, ऊठ म्हटलं की उठते. पाहुणीसुद्धा इतकं ऐकत नाही हो. आम्ही काय कमी केलं? खोली दिली, चांगल्या शाळेत घातलं, शर्वरी असं छान नाव ठेवलं. त्या नावानं हाका मारमारून घसा बसतो, पण ती ओ देत नाही. बायको रडते. म्हणते, मी नव्हते का परक्या घरात आले? मी नाही का जुळवून घेतलं?"

"आधीचं नाव काय होतं तिचं?"

"छबू. आजीनं ठेवलेलं. आजीनंच वाढवलं होतं तिला, ती गेली म्हणून तर मुलगी संस्थेत आली. पण छबू नावानं इंग्रजी शाळेत कसं पाठवायचं, सांगा बरं?"

"आणि नवं नाव कसं ठेवलंत?"

"पाळण्यात घालायचं वय नव्हतं. सात वर्षांची पोर ती. मग बायकोच म्हणाली, माझं ठेवलं होतं तसंच ठेवू. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नाव लिहिलं, पेढे वाटले."

ही रीत आपल्या सर्वांच्या पाहण्यातली आहे. नवरी सासरी आली की ताटातल्या तांदळावर तिचं नवं नाव लिहायचं, सर्वांनी ते मोठ्यानं वाचायचं आणि टाळ्या वाजवायच्या. वीस-बावीस वर्षं ज्या नावाला तिनं ओ दिली, ते नाव त्या दिवसापासून बंद. याला आपण आपलंसं करणं म्हणतो आणि फोटोही काढतो. या व्यापाऱ्याच्या घरात कुणाच्याही मनात पाप नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांना माणूस आपलंसं करण्याची ही एकच रीत येत होती आणि त्यांनी ती मनापासून पार पाडली होती.

गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "उद्या सकाळी मी तुमच्याकडे येतो."

व्यापारी चकित झाला. गुरुजींचे गुडघे कामातून गेले होते. समारंभाला अध्यक्ष म्हणून बोलावणं आलं तरी ते हात जोडून नाही म्हणत.

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच रिक्षातून उतरले. व्यापाऱ्याच्या बायकोनं शिरा केला होता. मुलगी पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आली, खाली ठेवून भिंतीशी उभी राहिली. नवा फ्रॉक, घट्ट वेण्या आणि जमिनीकडे लावलेली नजर. गुरुजींनी शिऱ्याची बशी बाजूला सारली.

"वहिनी, आधी एका ताटात तांदूळ आणा. आणि तुमच्या बोटातली अंगठी द्या."

काहीतरी शुभकार्य असणार, म्हणून दोघांच्याही चेहऱ्यावर जरा तरतरी आली. ताट आलं. गुरुजींनी नवरा-बायकोला शेजारी शेजारी पाटावर बसवलं, मुलीला समोर बसवलं आणि अंगठी तिच्या हातात दिली.

"बाळ, तुझ्या आयुष्यात ही दोन माणसं नवीन आली आहेत. यांना काय नावं द्यायची ते तू ठरव आणि या तांदळावर लिही. आजपासून त्यांना त्याच नावानं हाक मारायची. त्यांनी ओ दिली पाहिजे."

व्यापारी हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याची गंमत चालली आहे. पण गुरुजी हसत नव्हते. मुलीनं अंगठी बोटात फिरवली, एकदा व्यापाऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे पाहिलं आणि खरंच विचारात पडली. तिचा हात तांदळाकडे गेला.

"नको!" व्यापाऱ्याची बायको एकदम बोलून गेली. तिनं मुलीचा हात धरलाच. "नको गं. माझं नको बदलू. एकदा बदललंय माझं. आता पुन्हा नाही जमायचं मला."

आपण काय बोललो, हे त्या बाईला बोलून झाल्यावर कळलं. मुलीनं मान वर केली आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा आपण होऊन एक प्रश्न विचारला.

"आधी काय होतं?"

"मंदा," बाई म्हणाली. "लग्नात अनुराधा केलं."

मुलीनं अंगठी ताटात ठेवली. मग तिनं विचारलं, "मग ती मंदा कुठं गेली?"

व्यापारी बायकोकडे पाहत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यालाही पडला नव्हता आणि याची त्याला त्या क्षणी मनस्वी लाज वाटली. बाईचे डोळे भरून वाहू लागले. पदरानं पुसत तिनं मुलीलाच विचारलं, "तुझी आजी तुला कशी हाक मारायची गं?"

मुलीनं आधी दाराकडे पाहिलं. मग गळा ताणून, लांबच्या शेतातल्या माणसाला बोलवावं तशी ती ओरडली, "छबेऽऽ! ए छबेऽऽ!"

एवढा आवाज या मुलीत होता, हे त्या घराला ठाऊकच नव्हतं. बाईनं तशीच हाक मारून पाहिली. मुलीनं मान हलवली. "अशी नाही. शेवटी लांबवायचं असतं." बाईनं पुन्हा मारली. व्यापाऱ्यानंही मारली, त्याची हाक डब्याचं झाकण पडल्यासारखी निघाली आणि मुलगी फिसकन हसली. तांदूळ तसेच राहिले. त्यांवर कुणीच काही लिहिलं नाही.

गुरुजी जायला निघाले. रिक्षापर्यंत सोडायला व्यापारी आला, त्यांचा हात धरून सावकाश चालत. फाटकाशी थांबून गुरुजी म्हणाले:

"कालचं तुमचं वाक्य व्याकरणात बसत होतं, दोन्ही शब्दांचे अर्थही तुम्हाला नीट समजले होते. तुम्ही फक्त वाटणी चुकीची केलीत. आपलंसं करण्याचं काम स्वतःकडे ठेवलंत आणि बदलण्याचं काम त्या पोरीकडे दिलंत. सगळेच असं करतात. सून आणली, बदलायचं सुनेनं. नवा माणूस कामावर घेतला, बदलायचं त्यानं. आपण मोठ्या मनानं दार उघडतो आणि मग दारातच उभे राहून सांगतो, आत ये, पण तू येऊ नकोस, आम्हाला हवी तशी दुसरी कुणीतरी होऊन ये. अहो, तिची आजी गेली, घर गेलं, गाव गेलं. उरलं होतं एक नाव. शब्दकोशात हे दोन शब्द वेगळे दिले आहेत, ते ठीकच आहे. संसारात मात्र दोन्ही कामं एकाच माणसाची असतात. ज्यानं आपलं म्हटलं, आधी बदलायचं त्यानं."

"पण गुरुजी, माझी बायको तर आयुष्यभर बदललीच की."

"म्हणून तर तिला वाटलं की ही रीतच आहे. थकलेल्या माणसाला आपला थकवाच नियम वाटू लागतो."

व्यापाऱ्यानं खालच्या आवाजात विचारलं, "मग संस्थेच्या बाईंना काय सांगू?"

"ते मला विचारू नका," गुरुजी रिक्षात चढत म्हणाले. "मी इंग्रजी शिकवतो."

ठरल्या दिवशी संस्थेच्या बाई आल्या. चहा झाला. त्यांनी नेहमीचा प्रश्न नेहमीच्या सुरात विचारला, "काय, शर्वरी घेतेय ना जुळवून?"

व्यापारी काही बोलणार, इतक्यात त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "तिचं नाव छबू आहे. आणि बाई, तिचं काही नाही हो, आमचंच अजून नीट जमत नाहीये. पण आम्ही शिकतोय. तिला नेऊ नका."

संस्थेच्या बाईंनी तिला नेलं नाही. छबू त्याच घरात आहे, त्याच शाळेत त्याच नावानं जाते आणि दुधावरची साय काढली नाही म्हणून रोज सकाळी साऱ्या आळीला ऐकू जाईल असं भांडते.